खिडकीतलं जेड

सोमवार, ८ जानेवारी

आज स्नेक प्लांट गेलं. रोपवाटिकेतला माणूस म्हणाला होता, "बाई, हे मारूनही मरत नाही." माझ्याकडे सात आठवड्यांत मेलं. मुळाशी हात लावला तर सगळं पान लिबलिबीत होऊन हातात आलं. त्याआधी मनीप्लांट गेलं, त्याआधी कोरफड. तीन झाडं, एकच खिडकी, आणि त्या खिडकीला पाठ लावून दिवसभर कोण बसतं, तर घुम्या.

मी उगाच कोणावर आळ घेणारी बाई नाही. पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार कक्षात सव्वीस वर्षं काढलीत. लोकांची पत्रं वाचायची, खरं-खोटं तपासायचं, उत्तराचा मसुदा लिहायचा. पुराव्याशिवाय बोलायची मला सवयच नाही. पण नोव्हेंबरात घुम्या आला आणि झाडं मरायला लागली, हे मी तारीखवार सांगू शकते.

ती खुर्ची माझी होती. आधीचे कक्षप्रमुख निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांनी माझं अभिनंदनसुद्धा करून टाकलं होतं. त्याच भरवशावर मी खिडकीत कुंड्या आणून मांडल्या. आठ दिवसांत वरून आदेश आला आणि दुसऱ्या शाखेतून हा आणून बसवला. चाळिशीचा, हडकुळा, दिवसाला दहा शब्द बोलला तर शपथ. मी तोंडावर साहेब म्हणते आणि मनात घुम्या.

आता एकच झाड उरलंय. ताईचं जेड. त्याला काही झालं तर मी या माणसाला सोडणार नाही. हे मुद्दाम शाईने लिहून ठेवतेय.

मंगळवार, ९ जानेवारी

जेडबद्दल लिहिलंच पाहिजे, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की एका कुंडीसाठी बाई एवढी पेटली.

ताई ऑगस्टमध्ये गेली. पंधरा दिवसांनी भाओजी कुंडी घेऊन दारात आले. म्हणाले, "हे तुला द्यायचं असं तिने सांगून ठेवलं होतं. एकोणीस वर्षांचं आहे. तिने स्वतःच्या हाताने चिठ्ठी बांधलीय, बघ." मनगटाएवढं खोड, जाडजूड पानं, आणि खोडाला दोऱ्याने बांधलेला घडीचा कागद. ताईचं अक्षर मला बघवेना. घडी न उघडताच तो कागद शिवणयंत्राच्या खणात टाकला. भाओजींना चहासुद्धा विचारला नाही.

यंत्र आईचं. त्यावरूनच ताईचं नि माझं वाजलं होतं. आई गेल्यावर मी ते उचलून आणलं, ताई म्हणाली, विचारायचं तरी. मी म्हटलं, तुला शिवता तरी येतं का. झालं. चार वर्षं बोललो नाही. ती आजारी आहे हे मला कळलं होतं. पुढच्या आठवड्यात जाऊ, पुढच्या आठवड्यात जाऊ, असं करत राहिले.

आमच्या घरात ऊन येत नाही, म्हणून झाड कार्यालयात ठेवलं. सकाळी आल्यावर एक बाटली पाणी, निघताना एक बाटली. सुट्टीच्या दिवशीही जाऊन घालून येते. एक दिवस चुकवलेला नाही. आता यात तरी कोणी मला नावं ठेवू शकणार नाही.

आमचे हे म्हणतात, "अगं, झाडाला पाणी पाजतेस की आंघोळ घालतेस?" मी म्हटलं, तुम्ही पेपर वाचा.

शुक्रवार, १२ जानेवारी

रंगेहाथ पकडलं. जेवणाच्या सुट्टीत लवकर परतले, तर घुम्या जेडच्या कुंडीखालची बशी उचलून त्यातलं पाणी बेसिनमध्ये ओततोय. मी घातलेलं पाणी.

"काय करताय साहेब?"

"पाणी जास्त आहे."

तीन शब्द, चेहऱ्यावरची माशी हलली नाही. मी म्हटलं, "झाड माझं आहे. पाणीही मीच भरून आणते." त्याने रिकामी बशी परत कुंडीखाली सरकवली. माझ्या शेजारच्या टेबलावरची बडबडी सगळं डोळे फाडून बघत होती. बरं झालं, साक्षीदार मिळाला. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, संध्याकाळपर्यंत दोन्ही मजल्यांना कळलं.

त्याने ओतलं तेवढं भरून काढायला मी आणखी एक बाटली घातली.

बुधवार, १७ जानेवारी

पहिलं पान गळलं. पिवळं नव्हतं, चांगलं हिरवं होतं. मी गेले तोवर घुम्याने ते उचललं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं. पुरावा नष्ट करणं यालाच म्हणतात.

दुपारी कुंडीच्या मातीत पेन्सिल खुपसलेली दिसली. त्याचीच, वरच्या टोकाला चावलेली. बाहेर काढून बघितली, अर्ध्यापर्यंत ओली. माझ्या झाडाच्या मुळांत पेन्सिली खुपसतो. मी ती मोडून त्याच्याच टेबलावर ठेवली. त्याने दोन्ही तुकडे बघितले आणि खणातून दुसरी काढली.

हा मला पाण्यात पाहतो, याबद्दल आता शंका उरली नाही. माझी जागा घेतली तरी पोट भरलं नाही त्याचं.

गुरुवार, २५ जानेवारी

पानं गळलेली: पाच. पाचही त्याच्या खिशात.

हातावर हात धरून बसणारी मी नव्हे. आपल्या कक्षात काही नामांकित तक्रारदार आहेत. सगळ्यात वरचा नंबर मीटरवाल्या आजोबांचा. मीटर रात्रीचं आपोआप फिरतं म्हणतात, फोन करतात आणि तासभर सोडत नाहीत. इतकी वर्षं मी त्यांना "योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे" यावर झुलवत आलेय. आज त्यांना सांगितलं, आजोबा, नवे साहेब आलेत, थेट त्यांनाच फोन करा. असे एकूण सहा जण घुम्याच्या गळ्यात बांधले.

आजोबांचा फोन एक तास दहा मिनिटं चालला. घुम्या फक्त "हं" म्हणत होता. मी मसुदा लिहिताना मनातल्या मनात गुदगुल्या होत होत्या.

बुधवार, ३१ जानेवारी

मीटरवाल्या आजोबांची तक्रार खरी निघाली. घुम्या स्वतः जाऊन आला. शेजाऱ्याची जोडणी त्यांच्या मीटरमधून गेलेली होती. आजोबांनी मोठ्या साहेबांना आभाराचं पत्र लिहिलं. अकरा वर्षांत मला कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत.

माझा जळफळाट झाला, खोटं कशाला लिहू.

शुक्रवार, २ फेब्रुवारी

गोल शिक्का लपवला. त्याच्याशिवाय एक पत्र बाहेर जात नाही. घुम्या तीन दिवस शोधतोय. खण उपसले, कपाटं सरकवली, मोठ्या साहेबांपुढे जाऊन निष्काळजीपणाबद्दल लेखी माफी मागितली. शिक्का माझ्या डब्याच्या पिशवीत होता. आज संध्याकाळी कपाटामागे टाकला आणि मामांना, म्हणजे आमच्या शिपायांना, झाडू मारताना सापडू दिला.

जेवण चवीने गेलं. हे म्हणाले, आज स्वारी खूश दिसतेय.

सोमवार, ५ फेब्रुवारी

आज तर कळस झाला. आले तर जेड जागेवर नाही. खिडकीच्या त्या टोकाला, थेट उन्हात सरकवलेलं, आणि कुंडीवर चिकटवलेली चिठ्ठी: "एक महिना पाणी नको."

एक महिना. आजारी माणसाला कोणी महिनाभर उपाशी ठेवतं? पानं बघावीत तर मऊ पडलीत, सुरकुतलीत, सरळ दिसतंय की बिचारं तहानलेलं आहे. मी चिठ्ठी फाडली, चार तुकडे केले आणि दोन बाटल्या पाणी घातलं. ताईच्या वेळी मी पोचले नाही. इथे मी रोज पोचतेय, आणि हा माणूस मला मधे उभा राहून अडवतोय. मला रडू आलं. बडबडीने रुमाल दिला.

ती म्हणाली, "मॅडम, एक लक्षात आलंय का? साहेब रोज तीन चाळीसला उठतात आणि चार वाजता येतात. खिशात काहीतरी घेऊन."

माझ्या कसं लक्षात आलं नाही.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

तीन दिवस पाळत ठेवली. रोज तीन चाळीस. हा जिन्याने वर जातो, किल्लीने छताचं दार उघडतो, पलीकडून कडी लावतो. वीस मिनिटं. येताना बोटं मळलेली. बडबडी म्हणते सिगारेट. मी म्हणते, सिगारेटने बोटं मातीची होत नाहीत. काहीतरी लपवाछपवी आहे. मांजर डोळे मिटून दूध पितं, पण बघणारे बघतात.

सोमवार, १२ फेब्रुवारी

आज घरी बसून लिहिलं. निनावी.

निनावी तक्रार सहसा टोपलीत जाते. पण तीत तारीख, वेळ आणि जागा असेल तर चौकशी करावीच लागते. हा नियम नऊ वर्षांपूर्वी आमच्याच कक्षाने केला आणि त्याचा मसुदा मीच लिहिला होता. तेव्हा कुठे माहीत होतं की कधीतरी माझ्याच कामी येईल.

तीन तारखा दिल्या. रोज तीन चाळीस ते चार. जागा: इमारतीचं छत. कामाच्या वेळेत जागा सोडणे, कार्यालयाच्या छताचा खासगी वापर, कर्मचाऱ्यांच्या वस्तूंची नासधूस. डाव्या हाताने लिहायचा विचार होता, पण मग सायबर कॅफेत जाऊन टाइप करून घेतलं. असं घोटीव पत्र गेल्या पाच वर्षांत आमच्याकडे कोणी पाठवलेलं नाही.

टपालपेटीत टाकताना हात जरा थांबला. मग गळलेली पानं आठवली.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

आलं. आणि नियमाप्रमाणे पहिल्यांदा कक्षप्रमुखाच्या टेबलावर, म्हणजे त्याच्याच टेबलावर. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वाटलं, आता फाडून टाकणार. कोणाला कळणार होतं?

त्याने दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला. मग कोपऱ्यात लिहिलं: "तारीख, वेळ, जागा नमूद आहे. नियमानुसार पुढे सादर." खाली सही. स्वतःविरुद्धची तक्रार स्वतःच्या सहीने मोठ्या साहेबांकडे पाठवून दिली.

मग माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"मॅडम, पानं किती गळली?"

"तुम्हालाच माहीत."

"चौदा," तो म्हणाला आणि कामाला लागला.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

चौकशी झाली. बडबडी मोठ्या साहेबांच्या दाराशी फाइल घेऊन उभी होती, तिने शब्दन् शब्द ऐकला. तीन चाळीसला कुठे जाता? "छतावर." काय करता? "खासगी काम." कसलं? गप्प. सांगितलं नाही तर तक्रार खरी धरावी लागेल. गप्प.

ताकास तूर लागू दिली नाही. ज्याच्या मनात काळंबेरं नाही तो सांगून मोकळा होतो.

एक मार्चपासून बदली. नदीपलीकडच्या पंपघरावर.

शुक्रवार, १ मार्च

घुम्या गेला. प्रभारी कक्षप्रमुख मी. किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला, प्रत्येक किल्लीला चिठ्ठी अडकवलेली: कपाट, शिक्का, टपालपेटी, छत. "छत" म्हणताना जरा थांबला, जणू आणखी काही बोलणार. मी किल्ल्या पर्समध्ये टाकल्या.

बडबडी सांगत होती, त्याची आई अंथरुणाला खिळलेली आहे, इथून घर जवळ होतं म्हणून दुपारी जाऊन जेवू घालून यायचा. आता दोन बस बदलून जायचं म्हणजे ते जमणार नाही. मी म्हटलं, आई सगळ्यांनाच असते. म्हटलं तेव्हा बरोबर वाटलं होतं. आता लिहिताना तसं वाटत नाही.

असो. करावं तसं भरावं. खुर्ची एका बाजूला कलते, तेवढी दुरुस्त करून घेईन.

सोमवार, ४ मार्च

आता खिडकी माझी. कोणी बशी ओतणारा नाही, पेन्सिली खुपसणारा नाही. जेडला पोटभर पाणी घातलं. म्हटलं, आता बघू कसं धरत नाही ते.

गुरुवार, ७ मार्च

सकाळी जेड आडवं पडलेलं होतं. खोड मातीपाशीच तुटलं होतं. तुटलं म्हणजे काय, विरघळलं होतं. आतून काळं, गटारासारखा वास. एकोणीस वर्षांचं झाड.

मी मामांना ओरडून बोलावलं. म्हटलं, जाताना घुम्या मातीत काहीतरी घालून गेला असणार, ही माती पुराव्यासाठी जपून ठेवा. मामा माझ्यापेक्षाही जुने. कुंडीत दोन बोटं घालून बघितली आणि म्हणाले, "बाई, रागावू नका. मुळं कुजलीत. रोज दोन-दोन बाटल्या. साहेब होते तोवर तुम्ही घरी गेलात की कुंडी तिरकी करून पाणी काढून टाकायचे. म्हणून एवढे दिवस तरी टिकलं."

"मग तुम्ही मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं, दोनदा. तुम्ही म्हणालात, तुम्ही झाडू मारा."

म्हणाले असेन. मला आठवतसुद्धा नाही, इतकं ते माझ्या तोंडचं आहे.

मग ते म्हणाले, "वर जाऊन या एकदा. किल्ली तुमच्याकडेच आहे."

छतावर टाकीच्या आडोशाला, ऊन येतं पण वारा लागत नाही अशा जागी, जुन्या मीटरची झाकणं ओळीने मांडलेली. भंगारातली, उताणी ठेवून वाटीसारखी केलेली, प्रत्येकात मूठभर रेताड माती आणि मातीवर एकेक जेडचं पान. पानाच्या देठाशी दाण्याएवढी नवी पानं फुटलेली, दोन-दोन, जोडीने. प्रत्येक झाकणाला तारखेची चिठ्ठी. सतरा जानेवारी. बावीस जानेवारी. पंचवीस जानेवारी, तीन. माझ्या या वहीतल्या तारखा.

चौदा झाकणं. अकरा जगलीत.

मी तिथेच टाकीला टेकून खाली बसले. चार कधी वाजले कळलं नाही.

घरी आल्यावर यंत्राचा खण उघडला. हे बघत होते. चिठ्ठीत एवढंच होतं: "पाणी पंधरा दिवसांतून एकदा, तेही थोडंच. रोज घालशील, मला तुझा स्वभाव माहीत आहे. घालू नकोस. यंत्राला तेल देतेस ना?"

दुसऱ्यांची हजारो पत्रं वाचली मी. हे एक वाचलं नाही.

शुक्रवार, ८ मार्च

पंपघरावर फोन केला. पाठीमागे यंत्रांचा गडगडाट.

"किती?" त्याने विचारलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"अकरा."

"पाणी घातलंत?"

"नाही."

"बरं केलंत."

मी म्हटलं, "ती तक्रार मी केली होती."

"तारीख, वेळ, जागा इतकं नीट दुसरं कोणी लिहीत नाही, मॅडम."

"मग चौकशीत सांगायचं ना, छतावर काय करता ते."

त्याने कुठलंतरी दार लावलं, गडगडाट कमी झाला. मग म्हणाला, "सांगितलं असतं तर झाड का मरतंय हेही सगळ्यांपुढे सांगावं लागलं असतं. बहिणीचं आहे म्हणून ऐकलं होतं."

आईची चौकशी केली. म्हणाला, शेजारच्या काकू जेवू घालतात, पण त्यांच्या हातून आई नीट जेवत नाही.

मला वाटत होतं त्याने शिव्या द्याव्यात. ते सुखसुद्धा दिलं नाही त्याने. आता सूड घ्यायचा तर माझी मीच उरलेय, आणि त्यात मी काही कमी करणार नाही.

सोमवार, ११ मार्च

काल पुन्हा लिहायला बसले. हाताने, माझ्या अक्षरात. निनावी नाही.

तक्रारदार: मी. कोणाविरुद्ध: मी. बारा फेब्रुवारीला सहकाऱ्याविरुद्ध निनावी पत्र लिहिलं. तारीख, वेळ, सायबर कॅफेचा पत्ता. एकतीस जानेवारी ते दोन फेब्रुवारी गोल शिक्का लपवला. जागा, डब्याची पिशवी. छतावर चालणारं काम खासगी नसून माझ्याच कुंडीतली गळलेली पानं जगवण्याचं होतं. पुरावा, चौदा झाकणं, अकरा जिवंत. बदली रद्द करून संबंधितांना मूळ जागी आणावं आणि माझ्यावर योग्य ती कार्यवाही करावी.

ह्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "निवृत्तीला चार वर्षं राहिलीत तुझ्या." मी म्हटलं, माहीत आहे. मग म्हणाले, "एक तारीख चुकलीय. शिक्का तू तीसलाच आणला होतास, मी डबा धुताना बघितला होता." तारीख दुरुस्त केली.

आज सकाळी पत्र कार्यालयाच्या दारातल्या टपालपेटीत टाकलं. अकरा वाजता मामांनी टपाल आणलं आणि नियमाप्रमाणे ते पहिल्यांदा कक्षप्रमुखाच्या टेबलावर आलं. म्हणजे माझ्याच. दोनदा वाचलं. कोपऱ्यात लिहिलं: "तारीख, वेळ, जागा नमूद आहे. नियमानुसार पुढे सादर." खाली सही केली, गोल शिक्का मारला आणि मोठ्या साहेबांकडे पाठवून दिलं. बडबडी फाइल घेऊन त्यांच्या दाराकडे निघाली होती, तिला म्हटलं, बस खाली, मीच सांगते.

तीन चाळीसला छतावर गेले. पाण्याचा दिवस अजून लांब आहे. हात शिवशिवत होते, म्हणून बाटली खालीच ठेवून गेले होते.